आधी सांगते, मग पिते

सिसिलबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत उभा होतो आणि नव्या यंत्रातून निघालेले पहिले रिपोर्ट प्रिंटरमधून बाहेर पडत होते. ज्या रिपोर्टांसाठी बाई कित्येक वर्षं सगळ्यांशी भांडल्या, आणि त्यातलं दीड वर्ष खास माझ्याशी, ते हे रिपोर्ट. फोनवर त्यांची भाची होती. "अंकल, आत्या गेली," ती म्हणाली. "सकाळच्या मिस्साला चर्चमध्ये निघाली होती. वाडीतून जाताना दम लागला म्हणून विहिरीच्या कट्ट्यावर बसली… आणि उठलीच नाही." खोटं कशाला सांगू, मला आधी दुःख झालं नाही, राग आला. आजच? आता हे कागद घेऊन दारोदार कोण जाणार? हा विचार आधी आला आणि मग मी टेबलाचा कोपरा धरला. यंत्रावरच्या मुलीने घाईघाईने स्टूल पुढे केलं. प्रिंटर आपला चालूच होता. त्याला काय कळणार!

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी काही लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. बाईंवर लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागेल, आणि ते काही फार शोभादायक नाही. पण अर्धवट सांगितलेलं त्यांना खपायचं नाही, म्हणून सगळंच सांगतो. (गावातल्या माणसांची नावं तेवढी बदलली आहेत. खरी लिहिली असती तर बाईंनी मला वरूनही झापलं असतं.)

डॉ. सिसिलिया वसईजवळच्या वटार गावच्या. लग्न केलं नाही, भावाच्या कुटुंबात राहत. केळीची वाडी, पुढे विहीर, मागे चाफा. वसईतल्या आमच्या धर्मादाय हॉस्पिटलात त्या सामुदायिक आरोग्य विभागाच्या प्रमुख होत्या. विभाग म्हणजे काय, तर एक टेबल, एक पंखा आणि एक कुरकुरणारी जीप. मी प्रशासन अधिकारी. मूळचा सिंधुदुर्गातला, आता विरारला फ्लॅटमध्ये. खाजगी कंपनीतून आलेला, त्यामुळे कागद नीट असला की जग नीट आहे असं मानणारा. बाई मला चिडवायच्या, "परबसाहेब, तुम्हाला ताप आला तरी आधी त्याचा आवक क्रमांक टाकाल." मीही सोडायचो नाही. त्यांचा आवाज मोठा, चाल भरभर, उन्हाळ्यातही काखेत छत्री आणि हातात निळ्या पुठ्ठ्याची लांब वही. घरी फोनवर बोलायला लागल्या की आपल्या बोलीत शिरायच्या, त्यातलं मला निम्मंही कळायचं नाही. आणि मिठागरांच्या जूचंद्र गावात गेल्या की तिथल्या बायकांशी तिथल्या बोलीत. भाषेच्या बाबतीत त्या जिथे जातील तिथल्या होऊन जायच्या. हट्टाच्या बाबतीत मात्र कायम वटारच्याच.

जूचंद्र आणि आजूबाजूला ज्यांची हयात मिठागरात उन्हातान्हात गेली, त्यांच्यात किडन्या लवकर बिघडलेल्या दिसतात, हे बाईंच्या लक्षात आलं होतं. हा त्यांचा प्रश्न. तो त्यांनी परदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाला कळवला, आणि तिथून निधी घेऊन एक मोठा प्रकल्प आला. त्यांचं विद्यापीठ आणि आमचं हॉस्पिटल, दोघांचा मिळून. करारनाम्याच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं, 'समान भागीदारी'. बाईंनी त्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पान चौदा बघा'. पान चौदावर असं होतं की रक्ताच्या नमुन्यांवर हक्क तिकडचा, ते कधी आणि किती पाठवायचे हे तिकडचे ठरवणार, आणि तपासणीत जे निघेल ते ज्या त्या माणसाला कळवलं जाणार नाही. कारणं सभ्य होती. ही संशोधनाची तपासणी आहे, उपचाराची नव्हे. शिवाय गोपनीयता. बाई म्हणायच्या, "प्रश्न आपला, माणसं आपली, उन्हात फिरणार आपण. आणि उत्तर मात्र त्यांच्या कपाटात. याला भागीदारी म्हणतात?" मी म्हणायचो, पैसा ज्याचा असतो त्याच्या अटी असतातच. आणि त्या पैशावर आमची किडनीची ओपीडी चालत होती, डायलिसिसची यंत्रं चालत होती, पाच जणांचे पगार होत होते. माझी बाजू काही अगदीच पोकळ नव्हती, हे आजही म्हणतो.

पण बाईंना कळवण्याचं इतकं वेड का होतं, ते सांगायला हवं. सुरुवातीला, या करारापूर्वी, आमच्याच प्रयोगशाळेत साधी तपासणी व्हायची आणि तिचे कागद बाई स्वतः वाटायच्या. जूचंद्रला एकाच नावाची माणसं पैशाला पासरी. दोन नारायण पाटील होते, दोघांच्या वडिलांचंही नाव एकच. बाई एका नारायणाच्या घरी गेल्या, ऐसपैस बसल्या, चहा प्यायल्या, गप्पा मारल्या आणि सगळं उत्तम आहे म्हणून कागद देऊन आल्या. तो कागद त्याचाच होता. दुसऱ्याचा कागद मागाहून निघाला. 'नारायण पाटील, जूचंद्र' या नावापुढे 'दिला' अशी खूण आधीच झालेली, म्हणून तो तसाच फाइलला लागला. तो दुसरा नारायण तळ्यापलीकडे राहायचा. त्याच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या आणि ते सांगणारा कागद आमच्या कपाटात होता. काही महिन्यांनी तो तोंड सुजलेला, धापा टाकत आमच्याच दारात आला. तेव्हापासून तो आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येतो.

बाई माफी मागायला गेल्या. मीही बरोबर होतो, कारण तक्रार होईल अशी मला धास्ती. नारायणची बायको राधीबाय ओटीवर उभी होती. तिने तक्रार वगैरे काही केली नाही. एवढंच म्हणाली, "बाय, तू त्याचे घरान बसून चाय पिली, न आमचे घराची वाट तुला गावली नाय?"  परत येताना बाई जीपमध्ये रडल्या, छत्री घट्ट धरून. त्यानंतर त्यांनी ती निळी वही केली. तिच्यात नावं नव्हती. प्रत्येक कोड क्रमांकापुढे घराची खूण. 'शेवग्याचं झाड, मोडकी पायरी.' 'दारात रोज मोठी रांगोळी.' 'विहिरीशेजारी, कुत्रं चावतं.' आणि स्वतःसाठी एक नियम केला. ज्या घरात काही सांगायचं आहे तिथे ते सांगितल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. तांब्या पुढे आला की हात जोडून म्हणायच्या, "आधी सांगते, मग पिते." लोकांना सुरुवातीला राग यायचा. पाण्याला नाही म्हणणं म्हणजे काय? आमच्या घरचं चालत नाही का हिला? पण सांगून झालं की बाई ते पाणी गटागटा पिऊन टाकायच्या आणि वहीत त्या घरापुढे एक छोटासा थेंब काढायच्या. हळूहळू गावाला कळलं. मग बायका तांब्या भरूनच विचारायच्या, "बोल बाय, काय निंगला?"

पुढे साध्या तपासणीवर बाईंचं समाधान होईना. तिच्यात किडनी बरीच बिघडल्याशिवाय काही दिसत नाही. सुरुवातीचा बिघाड दाखवणारी तपासणी फक्त तिकडे होती. म्हणून नमुने गोठवून परदेशी पाठवायचे ठरले. त्यात नारायणच्या मुलाचा, विलासचाही नमुना होता. पोरगेलेसा दिसणारा, दोन लेकरांचा बाप. आपल्या बापाचं झालं ते आपलंही होणार का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. बाईंनी त्याला शब्द दिला होता, "मी सांगेन." आणि मग त्यांनी नमुने अडवून धरले. तिकडच्यांना कळवलं, एक ओळ वाढवा. ज्याचं वाईट निघेल त्याचा फक्त कोड आम्हाला कळवा, घर आम्ही शोधतो. उत्तरं यायची, आभार मानणारी, विचार करू म्हणणारी. ओळ काही यायची नाही.

त्याच सुमारास बाईंच्या भावाचं हृदयाचं ऑपरेशन निघालं आणि त्या मुंबईला गेल्या. दुसऱ्याच दिवशी दुपारी पत्र आलं. आजच्या विमानाने नमुने निघाले नाहीत तर निधीचा पुढचा हप्ता थांबेल. फाटकाशी कुरिअरची गाडी उभी, तिच्यात सुक्या बर्फाची खोकी. ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी घड्याळ दाखवत होता. संस्थेचा प्रतिनिधी म्हणून सही करण्याचा अधिकार मलाही होता. बाईंना फोन लागत नव्हता असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. ते खरं नाही. मी फोन केलाच नाही. केला असता तर त्या 'नाही' म्हणाल्या असत्या, म्हणूनच केला नाही. डायलिसिसच्या खोलीत त्या वेळी चार माणसं यंत्राला जोडलेली होती आणि त्यातला एक नारायण होता. त्याच्याकडे बघितलं आणि सही केली. माणूस स्वतःची समजूत घालायला कोणाकोणाला पुढे करतो…

आठवड्याने बाई आल्या. सवयीने थेट डीप फ्रीझरकडे गेल्या आणि झाकण उघडून उभ्या राहिल्या. मी दारात होतो. वाटलं, आता आकाश कोसळणार. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "सही कोणाची?" "माझी." "ती ओळ आली होती?" "नाही." बराच वेळ त्या रिकाम्या रॅककडे बघत राहिल्या. फ्रीझरची गार वाफ त्यांच्या चष्म्यावर धरली, ती त्यांनी पुसली नाही. मग म्हणाल्या, "शनिवारी माझ्याबरोबर जूचंद्रला यायचं, प्रशासन. सही तुमची, तर तोंडही तुमचंच." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी परबसाहेब उरलो नाही. "प्रशासन आलं का?" "प्रशासनाला विचारा." माझ्या तोंडावर, सगळ्यांसमोर. शिव्या परवडल्या असत्या.

ते शनिवार मी विसरणार नाही. एकेका घरी बाई बाजूला उभ्या राहायच्या आणि मला बोलायला लावायच्या. "तुमचं रक्त तपासणीला बाहेर गेलं आहे. काय निघालं ते तुम्हाला कळणार नाही. त्या कागदावर मी सही केली." वाक्य तेच, पण दर घरी ते नव्याने जड व्हायचं. राधीबायने आमच्यापुढे तांब्या आणून ठेवला होता. मी बोलून झाल्यावर ती म्हणाली, "म्हंजे आमचा रगत इमानान बसून गेला, न आमी इथंच." विलास आत भिंतीला टेकून उभा होता. त्याने बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. राधीबायने तांब्या उचलला आणि परत आत नेला. सांगण्यासारखं काही नव्हतं, मग पाणी कसलं? भर उन्हात आम्ही दोघंही कोरड्या घशाने जीपपर्यंत आलो. जीपमध्ये पाण्याची बाटली होती, तिला बाईंनी हात लावला नाही. मग मलाही लावता आला नाही.

पुढच्या फेरीचे नमुने घ्यायला आम्ही देवळापुढे मंडप टाकला तेव्हा कोणीच आलं नाही. टेबलं मांडलेली, सुया उघडलेल्या, बिस्किटांचे पुडे तसेच. दुपारपर्यंत दोन कुत्री तेवढी फिरकली. कोणी मोर्चा काढला नाही की घोषणा दिल्या नाहीत. फक्त हात पुढे केले नाहीत. नमुने नाहीत तर प्रकल्प नाही, प्रकल्प नाही तर ओपीडी नाही, डायलिसिस नाही.  मी बाईंना म्हटलं, "झालं तुमच्या मनासारखं?" तेव्हा मात्र त्या उसळल्या. "माझ्या मनासारखं? ओपीडी बंद पडली तर पहिला नारायण जाईल. राधीबायला हे ठाऊक नाही असं वाटतं तुम्हाला? तिला ठाऊक आहे, आणि तरी ती आलेली नाही. आता तुमच्या त्या भागीदारांना कळवा. जसं आहे तसं."

कळवलं. मग ती पडद्यावरची बैठक झाली. तिकडे लांब टेबल, सहा-सात माणसं, मधोमध त्यांचे प्रमुख, पांढऱ्या केसांचे, फार अदबीने बोलणारे. त्यांनी खेद व्यक्त केला आणि ही आमची नेहमीची पद्धत आहे म्हणाले. बाईंनी इकडे आपल्या शेजारच्या खुर्चीत राधीबायला बसवलं होतं. हे मला आधी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर मी अडवलं असतं. राधीबायने पदर सारखा केला आणि पडद्याकडे बोट दाखवून बाईंना म्हणाली, "त्यांना इचार, त्यांचे घरान कोनी आजारी परला तं डॉक्टर सांगतो का नाय?" बाईंनी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. प्रमुख समोरचे कागद चाळू लागले.  मग टेबलाच्या टोकाला बसलेली एक तरुण डॉक्टर म्हणाली, "सांगतो." प्रमुखांनी तिच्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली, पण शब्द मागे घेतला नाही.

त्या एका शब्दानंतरही कित्येक महिने गेले. निधी देणाऱ्यांची समिती, तिचे प्रश्न, आमची उत्तरं, पुन्हा प्रश्न. दोनदा तर सगळं मोडल्यातच जमा होतं. ओपीडीचे दिवस आम्ही निम्म्यावर आणले, आणि प्रत्येक डायलिसिसच्या वेळी मी मनातल्या मनात दिवस मोजायचो. शेवटी नवा करार आला. तपासणीचं यंत्र इकडे येणार, माणसं इकडची शिकणार, रिपोर्ट महिन्याच्या आत ज्याच्या त्याच्या घरी. आणि एकही नमुना बाहेर जायचा तर दोन सह्या, एक हॉस्पिटलची, एक गावाची. गावाची सही म्हणजे राधीबायचा अंगठा. यंत्रासाठी लागणारा पैसा त्याच निधीतून, सगळ्यात आधी काढायचा. बाईंनी करार हातात घेतला आणि पहिलं पान न बघता थेट चौदावं उघडलं. चष्मा वर करून दोनदा वाचलं. "करा सही, प्रशासन," म्हणाल्या. मला वाटलं होतं, आज तरी परबसाहेब म्हणतील. नाही म्हणाल्या. शेवटपर्यंत नाही.

सातव्या दिवसाच्या मिस्साला मी वटारला गेलो. जूचंद्रहून टेम्पो भरून माणसं आली होती. चर्चमध्ये कधी उभं राहायचं आणि कधी बसायचं ते त्यांना कळत नव्हतं, मलाही नाही, म्हणून आम्ही सगळे शेवटच्या बाकांवर एकमेकांकडे बघत उठबस करत होतो. नंतर भाचीने माझ्या हातात बाईंच्या कपाटाची किल्ली ठेवली. "आत्याने सांगून ठेवलं होतं, मला काही झालं तर ही प्रशासनाला द्यायची." आत निळी वही होती. नव्या करारानंतर गावाने पुन्हा रक्त दिलं होतं, त्या फेरीच्या पानांवर कोड होते, खुणा होत्या, थेंबांच्या जागा रिकाम्या.

रिपोर्ट घेऊन मी एकटाच फिरलो. शेवग्याचं झाड सापडलं, मोडकी पायरी दुरुस्त झाली होती, कुत्रं अजून चावतं. घशाला कोरड पडायची, पण नियम मोडला नाही. विलासच्या कोडपुढे मात्र ना झाड होतं ना विहीर. बाईंच्या तिरक्या अक्षरात फक्त एवढं होतं, 'जिथे मी उशीर केला ते घर.'

ते घर मी शेवटी ठेवलं होतं, भित्रेपणाने. राधीबाय ओटीवर होती, नारायण खाटेवर, विलास कामावरून नुकताच आलेला. तांब्या आला. मी हात जोडले आणि सांगितलं. विलासच्या किडनीत बिघाड सुरू झालाय. पण अगदी सुरुवात आहे, औषधं आहेत, उन्हातलं काम सोडावं लागेल, आणि आमचे डॉक्टर म्हणतात की अजून ते हातात आहे. विलास खाली बसला. नारायणने डोळे मिटले.  राधीबायने वहीकडे बोट केलं. "आमचे घराला बायनी काय लिवलाय?" मी वाचून दाखवलं. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता तू लिव. या बारीला उशीर नाय झाला. असा लिव."

मी पेन काढलं. पण तसं लिहिता येईना. तो पहिला नमुना ती ओळ आल्यावर गेला असता, तर हेच दीड वर्ष आधी कळलं असतं. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं होतं, त्याने किती फरक पडला? ते म्हणाले होते, सांगता येत नाही. राधीबायला हे सगळं ठाऊक होतं, मीच तिच्या ओटीवर उभं राहून सांगितलं होतं. तरी ती मला तेवढं वाक्य द्यायला तयार होती. मी लिहिलं, 'या वेळी कमी उशीर. उशीर परबचा.' "वाच," ती म्हणाली. मी वाचलं. तिने जरा विचार केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि तांब्या माझ्यापुढे सरकवला.

"खरा हाय," ती म्हणाली. "आता पी."

मी पाणी प्यायलो, आणि त्या घरापुढे थेंब काढला.